असई: नायकाविना राहिलेली लढाई

मराठी युद्धकथेला पराभवाचे वावडे नाही. भाऊसाहेबांच्या बखरीपासून विश्वास पाटलांच्या ‘पानिपत’ (१९८८) कादंबरीपर्यंत आणि तिथून आशुतोष गोवारीकरांच्या २०१९ मधील चित्रपटापर्यंत पानिपतचा घाव आपण पिढ्यान्‌पिढ्या उकलत आलो. मग जालना जिल्ह्यातली असई एवढी उपरी का राहिली? मराठी सत्तेच्या शेवटाला वेग देणारी ही लढाई आपल्याच मुलखात झाली. तरीही तिच्यावर ‘पानिपत’च्या तोडीची कादंबरी मराठीत आली नाही.

केळणा आणि जुई या नद्यांच्या बेचक्यात, २३ सप्टेंबर १८०३ रोजी, इंग्रज सेनापती आर्थर वेलस्लीने दौलतराव शिंदे आणि नागपूरकर रघूजी भोसले यांच्या फौजांशी गाठ घातली. वेलस्लीचे सैन्य संख्येने फारच थोडे होते. त्याचे दीड हजारांवर लोक ठार वा जखमी झाले, आणि नव्वदहून अधिक मराठी तोफा त्याच्या हाती लागल्या. वॉटर्लू जिंकून जगप्रसिद्ध झालेल्या या सेनापतीला पुढे कुणी त्याची सर्वांत चांगली लढाई विचारली, तेव्हा त्याने असईचे नाव घेतले.

इंग्रजांनी या लढाईचे चित्रण कसे केले, हे पाहण्यासारखे आहे. त्यांच्या चरित्रांतून आणि इतिहासांतून एक प्रसंग हमखास येतो. नदीला इथे उतार नाही, असे वाटाडे सांगत होते. वेलस्लीला दोन काठांवर समोरासमोर दोन गावे दिसली. गावे आहेत म्हणजे ये-जा असणार आणि ये-जा आहे म्हणजे उतारही असणार, असे त्याने ताडले. तर्क बिनतोड आहे. पण त्या उतारावरून रोज गुरे नेणाऱ्या माणसांचे साधे ज्ञान या कथेत सेनापतीची प्रतिभा ठरते आणि माणसे मात्र कथेतून गळतात.

गोलंदाजांचेही तसेच. इंग्रजांची रांग तोफांवरून पुढे गेली, तेव्हा मेल्याचे सोंग घेऊन पडलेले मराठी गोलंदाज उठले आणि त्यांनी तोफा वळवून शत्रूच्या पाठीवर डागल्या. इंग्रजी आठवणींत याला दगाबाजीचा वास येतो. आपल्या बाजूने पाहिले तर हरत चाललेल्या लढाईत जागा न सोडणाऱ्यांची ही चिवट हिंमत आहे. बर्नार्ड कॉर्नवेलने ‘शार्प्स ट्रायम्फ’ (१९९८) या कादंबरीत असईचा धूर आणि रक्त दमदारपणे रंगवले. मात्र तिथेही वेलस्लीचे प्राण वाचवणारा रिचर्ड शार्प हा कल्पित गोरा सार्जंटच नायक आहे.

मराठीच्या मौनाचे कारणही नायकातच दडले आहे. अज्ञानदासाचा अफझलखानवधाचा पोवाडा घ्या, तुळशीदासाचा सिंहगडाचा घ्या. आपली युद्धकला एका मर्दाभोवती उभी राहते. भालजी पेंढारकरांच्या ऐतिहासिक चित्रपटांनी तोच साचा पडद्यावर आणला. दिग्पाल लांजेकरांच्या ‘फर्जंद’ (२०१८) आणि ‘पावनखिंड’ (२०२२) यांनी तो आजच्या तंत्राने उजळून काढला. मूठभर मावळे, अवघड गड किंवा खिंड, स्वामीनिष्ठा आणि बलिदान. हा साचा वाईट नाही. पण त्यात न मावणारे युद्ध तो दिसूच देत नाही. पानिपतावर निदान भाऊ होते, विश्वासराव होते. त्यांच्याभोवती शोककथा विणता आली.

असईत तसे कोणी नाही. दोन्ही सरदार रणातून निघून गेले. प्रचंड घोडदळ बहुतेक बाजूलाच राहिले. लढले ते शिंद्यांचे कवायती कंपू, म्हणजे युरोपीय शिस्तीच्या पलटणी, आणि त्यांचा सेनापती अँथनी पोलमन हा हॅनोव्हरचा जर्मन. पलटणींत मोठा भरणा उत्तर हिंदुस्थानी शिपायांचा. समोरच्या बाजूलाही मद्रासचे देशी शिपाई मोठ्या संख्येने होते. आजच्या मद्रास रेजिमेंटच्या चिन्हावरचा हत्ती या असईचाच. अशा लढाईत ‘आपले’ कोण आणि ‘परके’ कोण, याचे सोपे उत्तर मिळत नाही. नेमके तेच उत्तर आपल्या युद्धपटाला पहिल्या पाच मिनिटांत हवे असते.

मराठी साहित्याला याहून वेगळे जमत नाही, असे मात्र नाही. विश्राम बेडेकरांच्या ‘रणांगण’मध्ये (१९३९) एकही लढाई नाही. युरोपातून मुंबईकडे निघालेल्या बोटीवर हेर्टा ही ज्यू तरुणी आणि चक्रधर यांच्या प्रेमात येऊ घातलेल्या महायुद्धाची सारी दहशत उतरते. इतिहासाच्या बाजूने ना. सं. इनामदारांनी ‘झेप’ आणि ‘मंत्रावेगळा’ या कादंबऱ्यांतून उत्तर पेशवाईतल्या बदनाम माणसांकडे सहानुभूतीने पाहायला शिकवले. पण त्यांची नजर प्रामुख्याने पुण्याच्या राजकारणावर राहिली. त्या काळाचा निकाल कंपूंच्या छावणीतही लागत होता, हे कथेत आलेच नाही.

असईवर लिहायला साधनांची टंचाई नाही. वेलस्लीचा पत्रव्यवहार छापलेला आहे. त्याच्यासोबत रणात असलेल्या माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनची पत्रे आहेत. रँडॉल्फ कूपर यांच्या २००३ मधील अभ्यासाने मराठी पायदळ आणि तोफखाना किती कसलेला होता हे दाखवून दिले आणि ‘मागासलेली मराठी फौज’ हा जुना समज मोडीत काढला. उणीव आहे ती कादंबरीकाराच्या धाडसाची. पगार, कवायत आणि आपल्या तोफेचा अभिमान यांसाठी लढणारा परप्रांतीय गोलंदाज मराठी कादंबरीचा नायक व्हायला हवा. पोवाड्याच्या डफाला तो पेलणार नाही, पण कादंबरीला पेलेल. ज्या साहित्याने पानिपतचा पराभव पचवला, त्याला आपल्या बाजूने लढलेल्या परक्यांचा पराक्रम पचवणे जड जाऊ नये.