‘जयपुरी’चे कूळ : भाषावर्गीकरण आणि वाङ्मयेतिहास

भाषांची कुळे आणि उपकुळे लावण्याचे काम भाषाशास्त्राचे मानले जाते. त्याचे परिणाम मात्र वाङ्मयेतिहासाला भोगावे लागतात. एखादी बोली कोणत्या भाषेच्या खाती मांडली गेली, यावरून तिच्यातील रचना कोणाच्या इतिहासात वाचायच्या हे ठरत जाते. जयपूर आणि त्याभोवतीचा ढूंढाड हा प्रदेश या दृष्टीने तपासून पाहण्यासारखा आहे.

सुरुवात नावापासूनच करावी लागते. जॉर्ज ग्रिअर्सन यांच्या ‘लिंग्विस्टिक सर्व्हे ऑफ इंडिया’चा राजस्थानी व गुजराती यांवरील भाग (खंड नववा, भाग दुसरा) १९०८ साली प्रसिद्ध झाला. ‘राजस्थानी’ हे भाषानाम या सर्वेक्षणाच्या गरजेतून घडवलेले आहे. एका बाजूला पश्चिमी हिंदी आणि दुसऱ्या बाजूला गुजराती यांपासून मधल्या बोली वेगळ्या दाखवण्यासाठी ते योजले, हे ग्रिअर्सन यांनी स्वतःच नमूद केले आहे. ‘जयपुरी’ हे नावही असेच. जयपूर नगर वसले १७२७ मध्ये. ढूंढाड हे प्रदेशनाम त्याहून जुने, आणि बोलणारे आपल्या बोलीला ढूंढाडी म्हणत. तिला ‘काईं-कुईं की बोली’ असेही म्हटले जाई. काईं म्हणजे काय. एखाद्या भाषेची ओळख तिच्या प्रश्नार्थक सर्वनामावरून व्हावी, यात सामान्य माणसाची भाषिक जाण दिसते. सर्वेक्षणाच्या कोष्टकात तिला जागा नव्हती.

ग्रिअर्सन यांच्याजवळ जयपूरपुरते साधन मात्र उत्तम होते. जयपूरमधील मिशनरी जी. मॅकॅलिस्टर यांचे संस्थानातील बोलींच्या नमुन्यांचे पुस्तक १८९८ मध्ये निघाले होते. तोरावाटी, काठैडा, चौरासी, नागरचाल, राजावाटी असे पोटभेद त्यातून पुढे आले. म्हणजे सामग्री सूक्ष्म होती. प्रश्न आहे तो तिच्यावर घातलेल्या चौकटीचा.

जयपुरीत ‘आहे’ या अर्थी ‘छै’ येते. गुजरातीत ‘छे’, मारवाडीत आणि ब्रजमध्ये ‘है’. या एका खुणेवर जयपुरी गुजरातीच्या कुशीत जाते. पण षष्ठीचा प्रत्यय घेतला तर चित्र पालटते : गुजरातीत ‘नो’, मारवाडीत ‘रो’ आणि जयपुरीत ‘को’, म्हणजे ब्रजच्या ‘कौ’ला लागून. भविष्यकाळातील ‘लो’ तिसरीकडेच बोट दाखवतो. मारवाडीत ‘ला’ आहे, नेपाळीतही ‘ला’ आहे, आणि मराठीच्या ‘करील’मधील ‘ल’ही कोणाला आठवल्यावाचून राहणार नाही. शिवाय गुजरातीशी जुळणी वर्तमानकाळापुरतीच टिकते, कारण भूतकाळात गुजराती ‘हतो’ म्हणते आणि जयपुरी ‘छो’. ‘छ’ आणि ‘को’ ही जोडी एकत्र हवी असेल तर थेट कुमाऊँनी-नेपाळीपर्यंत जावे लागते, आणि ग्रिअर्सन तेथपर्यंत गेलेही : पहाडी भाषांवरील भागात (१९१६) त्यांनी पहाडी व राजस्थानी यांचे नाते मांडले आणि त्यामागे लोकांच्या स्थलांतराची कथा उभी केली.

येथे टीकेचा मुख्य मुद्दा येतो. एका खुणेच्या सीमारेषा दुसरीच्या रेषांना छेदून जात असतील, तर त्यांतून वृक्ष उभा राहत नाही. ग्रिअर्सन यांना बोलींच्या सरमिसळीची जाणीव होती; बोलीबोलींच्या वर्णनात ती पदोपदी दिसते. पण खंडांची नावे, क्रम आणि शीर्षके वाचणाऱ्याच्या मनात वृक्षच ठसवतात. त्यांच्या अंतर्वर्तुळ-बहिर्वर्तुळ सिद्धांतावर सुनीतिकुमार चटर्जी यांनी १९२६ मध्ये प्रखर टीका केली, तर फ्रँकलिन साउथवर्थ यांनी २००५ मध्ये त्याचे नव्या रूपात समर्थन केले. या वादात मराठी बाहेरच्या वर्तुळात आणि राजस्थानी आतल्या वर्तुळात. वाद संपलेला नाही, आणि तरीही त्यातील एका पक्षाची नावे पाठ्यपुस्तकांत सिद्ध तथ्यांसारखी वावरत असतात.

नाव पुराव्यापुढे धावू नये यासाठी काय करता येते, हे न्यू गिनीच्या अभ्यासात पाहता येईल. ‘पापुअन’ हे तेथील कुळाचे नाव नव्हे. त्या बेटावरील आणि आसपासच्या ज्या भाषा ऑस्ट्रोनेशियन नाहीत आणि ऑस्ट्रेलियातीलही नाहीत, त्यांना दिलेले ते नकारात्मक नाव आहे. जोसेफ ग्रीनबर्ग यांनी १९७१ मध्ये त्या साऱ्या भाषा, अंदमान आणि टास्मानियाच्या भाषांसह, ‘इंडो-पॅसिफिक’ नावाच्या एकाच कुळात घातल्या. अभ्यासकांनी ते मानले नाही. विल्यम फोली यांनी १९८६ मध्ये साठाहून अधिक स्वतंत्र कुळे धरली. माल्कम रॉस यांनी २००५ मध्ये सर्वनामांच्या आधारे मोठे गट सुचवले, पण ते गृहीतक म्हणून. जुने लिखित वाङ्मय नसलेल्या त्या प्रदेशात अज्ञान नावातच नोंदलेले राहिले. राजस्थानात पाचसहाशे वर्षांची हस्तलिखिते असताना सोयीचे नाव कुळाचे नाव होऊन बसले, हा विपर्यासच म्हटला पाहिजे.

या विपर्यासापासून मराठी अभ्यासही मुक्त नाही. अहिराणीत ‘आहे’साठी ‘शे’ आहे, षष्ठीला ‘ना’ आहे; दोन्ही खुणा गुजरातीकडे नेतात. द्वितीया-चतुर्थीचा ‘ले’ मात्र वऱ्हाडीसारखा आहे. ग्रिअर्सन यांनी १९०७ च्या भागात खानदेशीला भिल्लीच्या शेजारी बसवले, आणि त्याला मराठी अभ्यासकांनी हरकत घेतली. हरकत रास्त असेल. पण ढूंढाडीला हिंदीच्या पोटात घालण्यावर नाराजी आणि अहिराणीला मराठीच्या पोटात घेण्याची घाई, ही दोन्ही मते एकाच निकषावर टिकत नाहीत. बहिणाबाई चौधरी यांची लेवा बोली सर्रास अहिराणी म्हणून उल्लेखली जाते, यावरून ही घाई किती निष्काळजी आहे ते दिसते.

शासकीय वर्गीकरण आणखी वेगळे. साहित्य अकादमी १९७४ पासून राजस्थानी ग्रंथाला स्वतंत्र पुरस्कार देते. राजस्थान विधानसभेने २५ ऑगस्ट २००३ रोजी राजस्थानीचा आठव्या अनुसूचीत समावेश व्हावा असा ठराव केला. आणि २०११ च्या जनगणनेत ढूंढाडी ही मातृभाषा सांगणारे सुमारे पावणेपंधरा लाख लोक हिंदीच्या बेरजेत मोजले गेले. ग्रिअर्सन यांनी हिंदीपासून वेगळे दाखवण्यासाठी घडवलेले नाव हिंदीच्याच पोटशीर्षकात आले.

वाङ्मयाच्या बाबतीत या बेरजेचे मोल अधिक पडते. पद्मनाभाचा ‘कान्हडदे प्रबंध’ (१४५५) जालोरचा. गुजरातीही त्याला आपला म्हणते आणि राजस्थानीही. तेस्सितोरी यांनी १९१४ ते १९१६ मध्ये या अवस्थेला ‘जुनी पश्चिमी राजस्थानी’ म्हटले, गुजराती अभ्यासक तिला जुनी गुजराती म्हणत. ‘मारू-गुर्जर’ हे नाव पुढे समेटासाठी आले. येथे निदान दोन दावेदार आहेत. ढूंढाडातील दादूपंथी वाङ्मयाला एकच दावेदार मिळाला. जयपूरजवळच्या नराणे येथे १६०३ मध्ये देह ठेवलेल्या दादूदयाळांच्या वाणीत गुजराती व सिंधी वळणाची पदेही आहेत. हिंदीच्या इतिहासात ती ‘मिश्र भाषा’ या एका शेऱ्यात संपतात. मिश्र म्हणण्यासाठी आधी शुद्ध काय ते ठरवावे लागते, आणि ते ठरवणारे कोष्टक दादूंच्या तीन शतकांनंतरचे आहे.

याच पंथाच्या ‘पंचवाणी’ पोथ्यांत दादू, कबीर, रैदास, हरदास यांच्या जोडीला नामदेव आहेत. सांगानेरच्या रज्जबांनी आणि १६२७ मध्ये गोपालदासांनी संकलित केलेल्या ‘सर्वंगी’ ग्रंथांतही नामदेवांची पदे येतात. जयपूरचे मुकुंद लाठ आणि विनांद कालेवार्त यांनी राजस्थानातील पोथ्या पडताळून १९८९ मध्ये नामदेवांच्या पदावलीची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली. आवृत्तीचे काम मोलाचे आहे. तिच्या नावात मात्र ‘हिंदी’ हे विशेषण आहे. गुरू ग्रंथसाहिबातील नामदेवांच्या पदांत मराठी षष्ठीचा ‘चा’ शिल्लक आहे. ढूंढाडातील गायकांच्या आणि लेखनिकांच्या हातून जाताना तो कोठे ‘को’ झाला, कोठे ‘रो’ झाला, कोठे तसाच राहिला, याची पोथीनिहाय नोंद हे मराठी आणि राजस्थानी अभ्यासकांनी मिळून करण्याचे काम आहे. ती नोंद झाल्यावाचून या पदांच्या भाषेला एकच विशेषण लावण्याची घाई करण्याचे कारण नाही.