धर्मन्यायाधीशाला उत्तर

दस्तयेवस्कीच्या 'करमाझोव बंधू' (१८८०) या कादंबरीतील थोरल्या धर्मन्यायाधीशाचे प्रकरण आम्ही सेमिनरीत प्रथम वाचले, तेव्हा आम्हांला रागच आला होता. सोळाव्या शतकातील सेव्हिल नगरीत प्रभू येशू पुन्हा येतो, कॅथीड्रलच्या पायऱ्यांपाशी एका मृत बालिकेला उठवतो आणि नव्वदीचा कार्डिनल त्यालाच कैद करवतो! त्याचा आरोप असा की, अरण्यात सैतानाने सुचविलेली भाकर, चमत्कार व सत्ता नाकारून प्रभूने दुबळ्या माणसांच्या माथी स्वातंत्र्याचे ओझे मारले. ते ओझे ख्रिस्तसभेने उतरवून घेतले. हे चित्र एकांगी आहे, असे आमचे मत आजही आहे. इच्छास्वातंत्र्य नसते तर उपदेश, आज्ञा, बक्षीस, शिक्षा सारेच व्यर्थ ठरले असते, हे आपल्याच संत थॉमस अक्वायनस यांनी तेराव्या शतकात सांगून ठेवले आहे.

तरीही आरोप बोचतो. "फादर, हे स्थळ मुलीने पत्करावे की नाही, तुम्हीच सांगा," असे एका आईने विचारले आणि आम्ही सांगून मोकळे झालो. मुलीला कोणी विचारले नाही, आम्हीही नाही. कार्डिनलही आपल्या परीने दयाळूच आहे.

बंदिवान प्रभू काहीच बोलत नाही, केवळ वृद्धाचे चुंबन घेतो. पुष्कळ समीक्षक यालाच उत्तर मानतात. आम्हांला ते पुढच्या, सहाव्या भागात सापडते. एक प्रतिष्ठित गृहस्थ तरुण झोसिमाजवळ चौदा वर्षांपूर्वी केलेल्या खुनाची कबुली देतो. लोकांपुढे ती द्यावी की मुलाबाळांसाठी गप्प राहावे? "तुम्हीच ठरवा," असे तो विनवतो. झोसिमा कचरत नाही. जाऊन सांगा, म्हणतो. शुभवर्तमानातील गव्हाच्या दाण्याचे वचन दाखवतो. मात्र त्याचा हात धरून त्याला लोकांपुढे नेत नाही. तो गेल्यावर गुडघे टेकून रडत प्रार्थना करतो. मध्यरात्री गृहस्थ परत येतो, दोन मिनिटे मुकाट बसतो, मिठी मारून निघून जातो. दुसऱ्या दिवशी तो सर्वांसमक्ष गुन्हा कबूल करतो. त्या रात्री तो झोसिमाचा खून करण्यासाठी आला होता, हे झोसिमाला मागाहून कळते! सल्ला मिळाल्यानंतरही दोन्ही वाटा त्याच्यापुढे मोकळ्या होत्या. मानवी निवडीचे इतके निर्भय चित्रण आमच्या वाचनात दुसरे नाही.

त्या आईला उत्तर देऊन आम्ही घरी परतलो, त्या रात्री तिच्या मुलीसाठी प्रार्थना केली होती का, हे आम्हांला आठवत नाही.