गुपिताची व्याख्या

पोर्तुगीज अमदानीत लग्नपत्रिकादेखील सेन्सॉरच्या नजरेखालून गेल्याखेरीज छापता येत नसे, ही आठवण डिचोली-पेडण्याकडील जुन्या घरांत अजून सांगितली जाते. १९६१ मध्ये ती सत्ता गेली. पण कागद झाकण्याची सवय सत्तेबरोबर जात नाही.

कायदा साहित्यासारखा वाचण्याची आपल्याकडे प्रथा नाही. तरीही १९२३ चा शासकीय गुपिते अधिनियम आणि २००५ चा माहितीचा अधिकार अधिनियम वाचकांनी शेजारी ठेवून वाचावेत, अशी आमची विनंती आहे. पहिल्यात ‘गुपित’ या शब्दाची व्याख्याच नाही. परिणामी कोणता कागद गुप्त, हे तो ज्याच्या टेबलावर असेल तोच ठरवी. सेवेत असताना आम्हीही काही फायलींवर ‘गोपनीय’ हा शिक्का मारला. त्यांतील कित्येकींत राज्याच्या हिताचा प्रश्न नव्हता. आपल्या टिपणीबद्दल कोणी विचारू नये, एवढीच इच्छा होती.

तामिळनाडूपाठोपाठ गोव्याने १९९७ मध्येच माहितीच्या अधिकाराचा कायदा केला, याचा आम्हांस अभिमान आहे. २००५ च्या केंद्रीय कायद्याने तर भाषेचा रोखच फिरवला. माहिती कशासाठी हवी, हे अर्जदाराने सांगायचे नाही. नाकारायची तर कारण अधिकाऱ्याने द्यायचे. देशाची सुरक्षा, चालू तपास, मंत्रिमंडळाची कागदपत्रे यांना तेथे योग्य संरक्षण आहे. म्हणजे गुप्तता आहे, पण ती सकारण आहे. आणि लोकहित अधिक भारी ठरल्यास तीही बाजूला सारता येते.

या कायद्यातील सर्वांत सुंदर वाक्य आठव्या कलमात, वैयक्तिक माहितीविषयीच्या खंडाखालील परंतुकात होते. संसदेला वा विधिमंडळाला जी माहिती नाकारता येत नाही, ती कोणालाही नाकारली जाणार नाही, असा त्याचा आशय. पेडण्याचा शेतकरी आणि पर्वरीच्या विधानसभेत बसणारा आमदार त्या एका वाक्यात समान होत. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण अधिनियमाने हे परंतुक वगळले आणि माहिती ‘वैयक्तिक’ असणे एवढेच नकारास पुरेसे केले. नोव्हेंबर २०२५ पासून ही दुरुस्ती अमलात आहे.

खाजगी जीवन जपले पाहिजे, यात वाद नाही. जुन्या मजकुरात त्याची सोय होती. परंतु परवाना कोणाला मिळाला, अनुदान कोणी उचलले, आदेशावर सही कोणाची, या प्रत्येक उत्तरात एखाद्या व्यक्तीचे नाव येणारच. लोकहिताचे पोटकलम अद्याप शाबूत आहे. पण ते वापरण्याचे धैर्य टेबलामागच्या माणसाला दाखवावे लागेल, आणि ते किती दुर्मीळ असते हे आम्ही जाणतो.

व्याख्या नसलेले ‘गुपित’ आणि मर्यादा नसलेली ‘वैयक्तिक माहिती’ यांत आम्हांस फारसे अंतर दिसत नाही. ज्या हाताने शिक्के मारले, त्याच हाताने हे लिहीत आहोत.