गडकऱ्यांचा पत्ता

विठ्ठलवाडीहून गाडी पकडली की पुढचंच स्टेशन कल्याण. तिथे १८६४ पासूनचं सार्वजनिक वाचनालय आहे आणि राम गणेश गडकऱ्यांना गुरू मानणाऱ्या आचार्य अत्र्यांच्या नावाचं रंगमंदिरही. त्याच गाडीने ठाण्याला उतरलं, तर तलावपाळीवर खुद्द गडकरी रंगायतन. गडकरी समजून घ्यायला एवढी ठिकाणं हाताशी असताना मी मात्र आधी त्यांच्या ‘एकच प्याला’ नाटकाची संहिता उघडायला सांगेन, आणि तीही गद्यासाठी.

नायिका सिंधू साकारणाऱ्या बालगंधर्वांच्या आवाजामुळे हे नाटक घराघरांत पदांतून पोचलं. पण ती पदं वि. सी. गुर्जरांची आहेत. २३ जानेवारी १९१९ला सावनेरला गडकरी गेले, तेव्हा ते अवघे ३३ वर्षांचे होते. बडोद्याला पहिला प्रयोग झाला तो पुढच्या महिन्यात. सिंधू रंगमंचावर उभी राहिलेली त्यांनी पाहिलीच नाही. त्यांचं स्वतःचं जे आहे, ते संवादांत आहे.

सिंधूचा नवरा सुधाकर व्यसनी म्हणून नाटकात येत नाही. तो बुद्धिमान, मानी वकील आहे. कोर्टात अपमान होतो, सनद तात्पुरती जाते आणि त्या दुखावलेल्या घटकेला दारुडा तळीराम पेला पुढे करतो. गडकऱ्यांची नजर किती बारीक! दारू इथे आत शिरते ती अभिमानाच्या भेगेतून. म्हणूनच पुढे मित्र रामलालच्या कळकळीचाही उपयोग होत नाही.

तळीरामाचे प्रवेश वाचताना हसू आवरत नाही. त्याच्या आजारपणात वैद्य आणि डॉक्टर भांडतात, तिथे ‘बाळकराम’ या नावाने विनोदी लेख लिहिणारे गडकरी लख्ख दिसतात. पण दारुड्यांच्या आर्य मदिरामंडळातल्या त्याच हशाआड सुधाकरचं घर पोखरलं जात असतं. एकीकडे मंडळाचे ठराव, दुसरीकडे दळणावर घर चालवणारी सिंधू: हे दोन्ही प्रवेश लागोपाठ वाचून पाहा. सिंधूच्या बोलण्यात मग कवी गडकरी, म्हणजे ‘गोविंदाग्रज’, ऐकू येतात, कवितेची एक ओळही मध्ये न येता.

शेवटी सुधाकरच्याच माराने मरणाच्या दारात पोचलेली सिंधू फौजदारापुढे खोटं बोलून नवऱ्याला वाचवू पाहते. आजच्या वाचकाला तिचा हा त्याग खुपतो, मलाही खुपतो. पण गडकरी सुधाकरला त्या खोट्याच्या आड लपू देत नाहीत. तो विष घातलेला प्याला स्वतःच ओठांना लावतो.