तबकडीवरचे नाव

मंडळाच्या कार्यक्रमानंतर जेवताना कोणी छंद विचारला, की "जुन्या ध्वनिमुद्रिका जमवतो" एवढेच मी आजवर सांगत आलो. ऐकणाऱ्याच्या डोळ्यांसमोर लगेच बालगंधर्व, हिराबाई उभ्या राहतात आणि माझी पत वाढते. गेल्या दिवाळीत मात्र एक काका-काकू फराळाला आले आणि काकांनी थेट कपाटच उघडले. आत शे-दीडशे काळ्या तबकड्या, बहुतेकांवर चित्र नाही, काहींवर नावसुद्धा नाही. एक लावून दाखवा म्हणाले, लावली. पाच मिनिटे सभ्यपणे ऐकून काका म्हणाले, "अहो डॉक्टर, गाणं कधी सुरू होणार?"

प्रश्न रास्त होता. त्या दिवशी मी हसून वेळ मारून नेली. आज मंडळाने चार पाने दिली आहेत, तर उत्तर द्यायचा प्रयत्न करतो.

मी जमवतो ते संगीत 'ड्रम अँड बेस' या नावाने ओळखले जाते. 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला लंडन, ब्रिस्टल या शहरांतल्या तरुणांनी, त्यांतही कॅरिबियन वंशाच्या घरांतल्या मुलांनी, ते घडवले. ठेका मिनिटाला 160 ते 175 मात्रांचा, आणि त्याखाली खर्जाची ओळ त्याच्या निम्म्या चालीने. आपल्या भाषेत सांगायचे तर द्रुत आणि विलंबित एकाच वेळी. ज्याला नाचायचे त्याने वरचा ठेका धरावा, ज्याला डोलायचे त्याने खालचा. लहानपणी पुण्यात चार वर्षे तबल्याच्या क्लासला गेलो होतो. हात फारसा बसला नाही, पण दुगुन-चौगुन कानात राहिली. पहिल्यांदा हे संगीत ऐकले तेव्हा ते परके वाटले नाही, याचे कारण बहुधा तेच.

या साऱ्या इमारतीचा पाया सुमारे सात सेकंदांचा आहे. 1969 साली 'द विन्स्टन्स' या अमेरिकन वाद्यवृंदाची एक छोटी तबकडी निघाली. तिच्या मागच्या बाजूला 'आमेन, ब्रदर' नावाचे वादन होते. त्यात मध्येच सगळी वाद्ये थांबतात आणि ग्रेगरी कोलमन हा ड्रमवादक एकटा चार आवर्तने वाजवतो. वीस वर्षांनी सॅम्पलर हे यंत्र पोरांच्या हाती आले आणि त्यांनी तेवढा तुकडा उचलला, वेग वाढवला, एकेक आघात सुटा केला आणि नव्या क्रमाने जोडला. कायदा पाहून मात्रांची फेरफार करणारा तबलजी ज्या रीतीने विचार करतो, तीच ही रीत. फरक इतकाच, की इथे बोल दुसऱ्याने वाजवलेले आहेत.

आता काही तबकड्यांविषयी माझे मत.

गोल्डीची 'टाइमलेस' (1995) ही या प्रकारातली पहिली मोठी कृती मानतात आणि ते योग्य आहे. शीर्षकाची रचना एकवीस मिनिटांची, तीन भागांची. डायॲन शार्लमेन यांचा आवाज संथपणे वर तरंगतो आणि खाली ठेका सतत फुटत राहतो. इथे विस्तार आहे. एकच कल्पना उलगडत जाते, घाई नाही. पण त्याच संचातल्या काही रचना गोड तंतुवाद्यांच्या आधारावर नुसत्या वाहत राहतात, हेही कबूल केले पाहिजे. रोनी साइझ आणि त्याच्या 'रेप्राझेंट' या चमूच्या 'न्यू फॉर्म्स'ला 1997 चे मर्क्युरी पारितोषिक मिळाले. 'ब्राउन पेपर बॅग'मधला खर्ज ऐकताना लाकडी वाद्याचा अंगभूत कंप जाणवतो, यंत्रातला कोरडेपणा वाटत नाही. तक्रार एकच. संच फार लांबला आहे. अर्ध्यावर संपवला असता तर दुप्पट परिणाम झाला असता.

तिसरी आपल्या जिव्हाळ्याची. लंडनच्या हॉक्स्टन स्क्वेअरमधल्या 'ब्लू नोट' क्लबात रविवारी गोल्डीच्या मंडळींची रात्र असे आणि सोमवारी तल्विन सिंग यांची 'अनोखा'. त्यातून 1997 साली 'अनोखा' हाच संग्रह निघाला. इथे मला रागही येतो आणि आनंदही होतो. काही तुकड्यांत सतार अशी येते, जशी पाश्चात्त्य उपाहारगृहात प्रत्येक पदार्थावर कोथिंबीर येते. शोभेपुरती. पण 'स्टेट ऑफ बेंगॉल'च्या 'फ्लाइट आयसी 408'मध्ये जोम आहे, आणि तल्विन स्वतः तबलावादक असल्यामुळे त्यांच्या रचनांत बोलांची तोडमोड आतून कळलेली आहे. बायाचा घुमार आणि यंत्राचा खर्ज एकमेकांना जागा देतात. त्यांच्या 'ओके' या संचाला 1999 साली तेच मर्क्युरी पारितोषिक मिळाले. सलग ऐकल्यावर मात्र वाटते, की यात सूर पातळ आणि लय श्रीमंत आहे. आपल्याकडची माणसे सूर शोधत ऐकतात, म्हणून निराश होतात. काकांचेही तेच झाले.

हे संगीत तबकडीवरच का ऐकायचे, असे इंजिनियर मित्र विचारतात. त्यांना मी आकडे देतो. बारा इंची तबकडी मिनिटाला 45 फेऱ्यांनी फिरते, तेव्हा बाहेरच्या कडेला सुईखालून सेकंदाला सुमारे 69 सेंटिमीटर खाच सरकते, आतल्या टोकाला जेमतेम 28. वेग जितका जास्त तितका तपशील जास्त. खर्जाला रुंद खाच लागते, म्हणून तबकडी कोरताना खर्ज मुद्दाम कमी करतात आणि वाजवताना ॲम्प्लिफायर तो परत वाढवतो. इतके करूनही एका बाजूला एकच रचना ऐसपैस बसते. म्हणजे पाच-सहा मिनिटांच्या रचनेला अख्खी बाजू देणे हा थाट नव्हता, ती आवाजाची गरज होती. तरीही तबकडीचा आवाज संगणकावरच्या प्रतीपेक्षा शुद्ध असतो, असे मी म्हणणार नाही. मोजमाप तसे सांगत नाही. माझे म्हणणे एवढेच, की ही रचना करणाऱ्यांनी तबकडीच्या मर्यादा धरूनच काम केले.

डॉक्टरेटसाठी मी 2004 साली कायझर्सलाउटर्नला आलो. इथून साठ किलोमीटरवर मॅनहाइम. जर्मनीत हे संगीत रुजले त्यात त्या शहराचा, 1990 च्या दशकातल्या तिथल्या 'मिल्क!' क्लबचा मोठा वाटा. मी आलो तोवर ते दिवस सरले होते आणि तेव्हाची पोरे नोकरी-संसाराला लागून आपल्या तबकड्या विकत होती. दोन-तीन युरोला एक, अशा मी घेतल्या. आज त्यांतल्या काहींना साठ-सत्तर युरो मागतात, आणि सुईही न लागलेली प्रत असेल तर कितीही.

या बाजाराविषयी मला वाईट वाटते. न वाजलेली तबकडी सर्वांत मौल्यवान, हे नाण्यांच्या किंवा तिकिटांच्या बाबतीत ठीक. पण रात्रभर वाजण्यासाठी जन्मलेल्या वस्तूला तो निकष लावणे म्हणजे न वापरलेल्या पोळपाटाला उत्तम पोळपाट म्हणण्यासारखे आहे. आणि पैशाचा प्रवाह कुठे जातो पाहा. ज्याच्या सात सेकंदांवर हा डोलारा उभा आहे त्या ग्रेगरी कोलमनला त्याबद्दल काहीच मिळाले नाही. 2006 साली तो बेघर अवस्थेत वारला. 2015 साली चाहत्यांनी वर्गणी जमवून वाद्यवृंदाचे प्रमुख रिचर्ड स्पेन्सर यांना सुमारे 24,000 पौंड दिले. कोलमन तेव्हा नव्हता. माझ्या कपाटातल्या कित्येक तबकड्यांत त्याचा हात वाजतो आहे. एकीवरही त्याचे नाव नाही.

नावावरून आठवले. 1902 साली ग्रामोफोन कंपनीने कलकत्त्यात पहिली ध्वनिमुद्रणे केली. गौहर जान गायल्या, आणि ते मेणाचे साचे तबकड्या काढायला बोटीने आमच्या या जर्मनीत, हॅनोवरला आले. 1908 साली कलकत्त्यात कारखाना निघेपर्यंत हाच क्रम होता. त्या जुन्या तबकड्यांत गाण्याच्या शेवटी गायिका आपले नाव इंग्रजीत मोठ्याने सांगते. हॅनोवरच्या कारागिरांना कोणाचा साचा कोणता हे कळावे, म्हणून. तीन मिनिटांच्या गाण्यातले चार क्षण नावासाठी राखलेले!

आमच्या पुण्याच्या घरी वडिलांचा असाच संग्रह होता. लाखेच्या तबकड्या, नाट्यपदे, भावगीते, काही लाँगप्ले. 2009 साली घर पुनर्विकासाला गेले. वडील फोनवर म्हणाले, "त्या तबकड्यांचं काय करू रे?" मी प्रबंधाच्या शेवटच्या प्रकरणात बुडालो होतो. म्हणालो, "बाबा, आता सगळं संगणकावर मिळतं. देऊन टाका." त्यांनी दिल्या. त्याच शनिवारी मी मॅनहाइमला जाऊन नाव नसलेली एक तबकडी घेऊन आलो होतो.

वडील जाऊन आता सहा वर्षे झाली. सगळे संगणकावर मिळत नाही, हे मला नंतर कळले. त्या संग्रहात नेमके काय होते हे आता कोणी सांगू शकत नाही, कारण यादी नव्हती आणि मी कधी विचारले नाही. मुंबईत 1990 सालापासून 'सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स' ही संस्था अशाच तबकड्यांसाठी उभी राहिली. सुरेश चांदवणकरांसारख्या भौतिकशास्त्रज्ञाने नोकरी सांभाळून तिच्यासाठी आयुष्य वेचले. मला एक फोन करता आला असता.

म्हणून काकांना माझे उत्तर असे : गाणे तुम्ही शोधत होता त्या जागी नव्हते, ठेक्यातच होते. पुन्हा या, पोहे करतो आणि या वेळी तबल्याच्या कानाने ऐकू. आणि वाचकहो, तुमच्यापैकी ज्यांच्या आई-वडिलांचे घर यंदा रिकामे होणार असेल, त्यांनी माळ्यावरच्या तबकड्या ठेवायच्या की द्यायच्या ते खुशाल नंतर ठरवावे. आधी एक वही घ्यावी, आईला किंवा बाबांना शेजारी बसवावे आणि लेबलावरचे एकेक नाव लिहून काढावे. कोणती कुठून आणली, तेही विचारावे.

मी माझ्या तबकड्यांची यादी आता करतो आहे. वाद्यवृंदाचे नाव नसेल तिथे रकाना रिकामा राहतो. पण ज्या ज्या तबकडीत तो सात सेकंदांचा तुकडा ओळखू येतो, तिथे मी ग्रेगरी कोलमनचे नाव लिहितो. आतापर्यंत एकोणचाळीस वेळा लिहिले आहे.