चौकट आणि कर्ता : महाड-पोलादपूर परिसरातील आपत्तींच्या वृत्तछायाचित्रांचा विचार

वृत्तछायाचित्रणाच्या प्राथमिक पाठांत रचना आणि नीती ही दोन प्रकरणे बहुधा स्वतंत्रपणे शिकविली जातात. पहिल्यात चौकटीचे आडवे-उभे तीन-तीन भाग कसे कल्पावेत, विषय त्यांच्या छेदबिंदूंपाशी का ठेवावा, क्षितिज कोठे असावे, प्रकाश कोणत्या बाजूने घ्यावा, हे सांगितले जाते. दुसऱ्यात शोकग्रस्तांना त्रास देऊ नये, प्रेते दाखवू नयेत, चित्रात फेरफार करू नये, असे काही निषेध सांगितले जातात. यामुळे नवशिक्याची अशी समजूत होते की, रचना ही चित्र घेतानाची बाब असून नीती ही चित्र छापतानाची बाब आहे. प्रस्तुत लेखकास ही विभागणी मान्य नाही. चौकटीची कड कोठे पडावी हे ज्या क्षणी ठरते, त्याच क्षणी नीतीचाही निर्णय होऊन गेलेला असतो, हे या टिपणात दाखवावयाचे आहे. लेखक छायाचित्रकार नव्हे, भाषाशास्त्राचा अध्यापक आहे. म्हणून हा विचार भाषेच्या व्याकरणाशी तुलना करून मांडला आहे. उदाहरणे वरंध घाटाच्या पायथ्याचा महाड-पोलादपूर हा जो मुलूख, तेथील घेतली आहेत. गेल्या काही वर्षांत या दोन तालुक्यांवर आलेल्या आपत्तींची चित्रे महाराष्ट्रभर पाहिली गेली, त्यामुळे वाचकांच्या ती स्मरणात असतील.

पहिले उदाहरण सावित्री नदीवरील पुलाचे. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री मुंबई-गोवा महामार्गावरील महाडजवळचा ब्रिटिश अमदानीतील दगडी कमानींचा जुना पूल पुरात कोसळला आणि दोन एस. टी. गाड्या व अन्य काही वाहने प्रवाशांसह नदीत गेली. यानंतर प्रसिद्ध झालेल्या चित्रांचे ढोबळमानाने दोन वर्ग पडतात. एका वर्गात गढूळ, फोफावलेले पाणी आणि त्यात अर्धवट उभे राहिलेले पुलाचे तुटके टोक एवढेच दिसते. दुसऱ्या वर्गात चौकट थोडी रुंद आहे, आणि तुटलेल्या पुलाशेजारीच उभा असलेला नवा पूलही तीत आला आहे. केवळ रचनेच्या दृष्टीने पाहिले तर पहिले चित्र सरस ठरेल. त्यात एकच विषय आहे, रेषा स्वच्छ आहेत, पाण्याचा वेग जाणवतो. दुसऱ्यात दोन समांतर वस्तू असल्याने नजर विभागली जाते. परंतु अर्थाच्या दृष्टीने दुसरे चित्र अधिक बोलके आहे. शेजारी नवा पूल उभा असताना जुन्यावरून वाहतूक चालू का होती, हा प्रश्न पाहणाऱ्याच्या मनात ते चित्रच उत्पन्न करते. पहिले चित्र हा प्रश्न उद्भवूच देत नाही. त्यात जे काही केले ते नदीने केले.

येथे मराठी क्रियापदांचे एक वैशिष्ट्य ध्यानात घेण्यासारखे आहे. पडणे आणि पाडणे, तुटणे आणि तोडणे, बुडणे आणि बुडविणे अशा जोड्यांत स्वर किंवा प्रत्यय बदलला की, क्रिया आपोआप घडली की कोणी घडविली, हे कळते. छायाचित्रास ही सोय नाही. पडलेला पूल आणि पाडलेला पूल चित्रात सारखेच दिसतात. अर्थात, चित्रातून कोणावर आरोप करावा असे सुचविण्याचा येथे हेतू नाही. कारणमीमांसा हे चौकशीचे काम होय. मात्र ज्या वस्तूंमुळे कर्त्याचा प्रश्न विचारता येतो, त्या वस्तू केवळ रेषांच्या सौंदर्यासाठी चौकटीबाहेर ठेवणे, हा तटस्थपणा नव्हे. तो एक पक्षच होय, आणि तो नकळत घेतला जात असल्याने अधिक घातक होय.

छायाचित्राची दुसरी उणीव नकाराची. भाषेत 'तेथे कोणी नव्हते' असे म्हणता येते. छायाचित्रात 'नव्हते' हा शब्द नाही. चौकटीत जे दिसत नाही ते तेथे नव्हतेच, की कड अलीकडे पडल्यामुळे वगळले गेले, हे पाहणाऱ्यास कळण्याचा मार्ग नाही. नोव्हेंबर १९८५ मध्ये कोलंबियातील नेवादो देल रुईस या ज्वालामुखीच्या उद्रेकाने वितळलेल्या बर्फाचा व चिखलाचा लोंढा आर्मेरो या गावावर आला. तेथे ढिगाऱ्यात पाय अडकून गळ्यापर्यंत पाण्यात राहिलेल्या ओमायरा सांचेस या तेरा वर्षांच्या मुलीचे छायाचित्र फ्रांक फूर्निये यांनी घेतले. सुमारे तीन दिवस अडकून राहिल्यावर ती मुलगी मरण पावली. त्या चित्रास पुढे वर्ल्ड प्रेस फोटोचा सर्वोच्च मान मिळाला, आणि त्याचबरोबर 'छायाचित्रकाराने तिला वाचविले का नाही?' असा संतप्त प्रश्नही जगभर विचारला गेला. वास्तविक तिच्याभोवती मदत करणारी माणसे होती; नव्हती ती पाणी उपसण्याची आणि ढिगारा हलविण्याची साधने. परंतु चौकट मुलीच्या चेहऱ्याशी इतकी सलगी करते की, पाहणाऱ्यास ती एकटी वाटते, आणि समोर उभा असलेला एकच माणूस, म्हणजे छायाचित्रकार, आरोपी ठरतो. जवळच्या चौकटीने करुणा वाढविली, पण शासनाच्या अपुऱ्या तयारीकडे जावयास हवा होता तो प्रश्न काही काळ भलतीकडेच वळविला.

असाच विचार तळिये येथील चित्रांबाबत करता येतो. २२ जुलै २०२१ रोजी सह्याद्रीच्या या पट्ट्यात अतिवृष्टी झाली. सावित्रीचा उगम जेथे आहे त्या महाबळेश्वरास चोवीस तासांत जवळजवळ ६०० मिलिमीटर पाऊस पडला. त्या दिवशी महाड तालुक्यातील तळिये गावच्या कोंढाळकरवाडीवर दरड कोसळून ऐंशीहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. महाड शहर पुराखाली होते, रस्ते बंद होते, त्यामुळे बाहेरची मदत पोहोचावयास दुसरा दिवस उजाडला. साहजिकच आपण पाहिलेली बहुतेक चित्रे मदत पोहोचल्यानंतरची आहेत. गणवेशातील जवान, यंत्रे, पाहणीसाठी आलेली नेतेमंडळी ही त्यांत ठळकपणे दिसतात. मदत येण्यापूर्वी स्थानिक लोकांनी आपल्याच हातांनी शोध सुरू केला होता. त्या संध्याकाळचे व रात्रीचे चित्रण मात्र या चित्रसंग्रहात जवळजवळ नाहीच. पुढे हे संग्रह पाहणारा असे समजेल की, गावकरी केवळ रडत होते आणि काम सर्व बाहेरच्यांनी केले. एकाही चित्रात असत्य नसताना संग्रहाचा अर्थ मात्र असत्य होऊ शकतो, याचे हे उदाहरण होय. यावर उपाय चित्रात नसून चित्राखालच्या ओळीत आहे. 'मदत पोहोचण्यापूर्वी ग्रामस्थांनी शोध सुरू केला होता' एवढे एक वाक्य पुरते.

तिसरी उणीव काळाची. छायाचित्रास भूत, वर्तमान, भविष्य नाहीत. कोकणातील आणि घाटमाथ्यावरील दरडींची चित्रे शेजारी मांडली, तर हिरव्या उतारावर उमटलेला तांबड्या मातीचा ओरखडा सर्वत्र सारखाच दिसतो. महाड तालुक्यातील जुई व दासगाव (जुलै २००५), आंबेगाव तालुक्यातील माळीण (३० जुलै २०१४), तळिये (२०२१), खालापूर तालुक्यातील इर्शाळवाडी (१९ जुलै २०२३) यांपैकी कोणते चित्र कोठले, हे केवळ पाहून सांगणे जाणत्यासही अवघड जाईल. २८ जुलै २०१८ रोजी पोलादपूर तालुक्यातील आंबेनळी घाटात दापोलीच्या कृषी विद्यापीठातील कर्मचाऱ्यांची बस दरीत कोसळून ३० जणांचा मृत्यू झाला. अशा अपघातानंतर मृतांची पूर्वीची हसरी छायाचित्रे छापली जातात, तेव्हाही चित्र तेच राहते. बदलतो तो काळ, आणि तो ओळीवाचून कळत नाही. म्हणून स्थळ व तिथी ही चित्राची पुरवणी नसून चित्राचाच भाग आहेत. २०१५ मध्ये इटालियन छायाचित्रकार जोवान्नी त्रोइलो यांच्या चित्रमालिकेस मिळालेले वर्ल्ड प्रेस फोटोचे पारितोषिक परत घेतले गेले, कारण शार्लरुआ शहरातील म्हणून दिलेले एक चित्र प्रत्यक्षात ब्रुसेल्समधील मोलेनबेक येथे घेतलेले होते. चित्र खरे होते, पण स्थळ खोटे होते, आणि तेवढ्याने ते वृत्तछायाचित्र राहिले नाही.

आता जवळून घेतलेल्या चेहऱ्यांचा प्रश्न. काही वर्षांपूर्वी वृत्तपत्रविद्येच्या विद्यार्थ्यांसमोर चित्राखालच्या ओळींच्या भाषेविषयी बोलताना प्रस्तुत लेखकाने एका आक्रोश करणाऱ्या वृद्धेचे चित्र नमुना म्हणून दाखविले होते. त्याखाली 'दुःखाचा डोंगर कोसळला' अशी ओळ होती, आणि लेखकाने त्यातील श्लेषाची थोडी प्रशंसाही केली. तास संपल्यावर वरंध भागातील एक विद्यार्थी म्हणाला, "सर, ती रडते आहे हे चित्रात दिसतंच आहे. ओळीत तिचं नाव असायला हवं होतं. आमच्याकडे तिला सगळे ओळखतात." लेखकाजवळ यास उत्तर नव्हते. श्लेष सुचला तो लिहिणाऱ्याच्या चातुर्यामुळे. नाव विचारावयाचे तर त्या बाईसमोर जाऊन उभे राहावे लागले असते. लांब पल्ल्याच्या भिंगाने पन्नास पावलांवरून चेहरा भरून घेता येतो, पण तेवढ्या अंतरावरून नाव विचारता येत नाही, संमतीही मागता येत नाही. त्या दिवसापासून ते चित्र लेखकाने वर्गात दाखविलेले नाही.

भिंगाची निवडही अशा रीतीने नीतीची निवड ठरते. लांब पल्ल्याचे भिंग पुढचे-मागचे अंतर दाबून गर्दी दाट भासविते. रुंद कोनाचे भिंग जवळून वापरले तर पुढची वस्तू अवाजवी मोठी होते. कॅमेरा वर धरून खाली बसलेल्या माणसाचे चित्र घेतले, तर तो आहे त्याहून दीन दिसतो. त्याच्या डोळ्यांच्या उंचीवर आणला, तर तो आपल्याशी बोलणारा माणूस होतो. आकाशातून घेतलेले दरडीचे चित्र विस्तार उत्तम दाखविते, पण त्यात माणूसच नसेल तर विस्ताराचे मापही कळत नाही आणि हानीचेही नाही. भारतीय वृत्तपत्र परिषदेने छिन्नविच्छिन्न प्रेतांची चित्रे टाळावीत असे सांगितले आहे, ते योग्यच आहे. परंतु जिवंत माणसाचे दैन्य वाढवून दाखविणाऱ्या चित्रांवर अशा निषेधांचा अंमल फारसा चालत नाही. तेथे केवळ घेणाऱ्याचा विवेक उपयोगी पडतो.

नवशिक्यास या विवेचनातून एक साधा अभ्यास सुचविता येईल. कोणत्याही घटनास्थळी लांबून, मध्यम अंतरावरून व जवळून अशी तीन चित्रे घ्यावीत. पहिल्यात भूमी दिसावी, दुसऱ्यात माणसे काय करीत आहेत ते, आणि तिसरे चेहऱ्याचे चित्र संमती व नाव मिळाल्यासच घ्यावे. मध्यम अंतराचे चित्र बहुधा उपेक्षित राहते. वस्तुतः माणूस कर्ता म्हणून त्यातच दिसतो. मग प्रत्येक चित्राखाली चार गोष्टी लिहाव्यात : कोण, कोठे, केव्हा, आणि या चौकटीबाहेर काय होते. चौथी ओळ छापली जाईलच असे नाही, परंतु ती लिहिताना जर हात अडखळला, तर चौकट पुन्हा तपासावी.

तळियेसारखी गावे डोंगराच्या पायथ्याशी, पाण्याच्या आणि शेताच्या आधाराने वसलेली आहेत. पुढील पावसाळ्यांतही तेथे दरडी कोसळणार नाहीत असे म्हणता येत नाही. त्या वेळी कॅमेरा घेऊन जाणारे बहुधा आज शिकत असलेलेच तरुण असतील. चौकट लावण्यापूर्वी, या चित्रात कर्ता कोण आणि त्याचे नाव मी विचारले आहे काय, एवढा प्रश्न त्यांनी मनाशी करावा, अशी या टिपणाची मर्यादित अपेक्षा आहे.