संसर्ग, श्रम आणि हृदय : स्वीडनमधील ओरिएंटिअरिंग-मृत्यूंच्या मीमांसेची चिकित्सा

नकाशा व होकायंत्र यांच्या साहाय्याने रानातून वाट शोधत धावण्याचा ओरिएंटिअरिंग हा खेळ स्वीडनमध्ये अत्यंत लोकप्रिय आहे. १९७९ ते १९९२ या कालावधीत तेथील १६ तरुण ओरिएंटिअरिंगपटूंचा आकस्मिक हृदयमृत्यू झाला. त्यांत १५ पुरुष होते. शवविच्छेदनात मायोकार्डायटिस, म्हणजेच हृदयस्नायूचा दाह, अपेक्षेपेक्षा अधिक वेळा आढळला. साहजिकच संशोधकांची दृष्टी जंतूंकडे वळली. प्रथम क्लॅमिडिया न्यूमोनिए आणि नंतर बार्टोनेला हा जीवाणू संशयित ठरला. २००१ मध्ये वेसलेन व सहकाऱ्यांनी मृत खेळाडूंच्या हृदयांत बार्टोनेलाचा डीएनए सापडल्याचे मांडले. रक्तदात्यांच्या तुलनेत ओरिएंटिअरिंगपटूंमध्ये या जीवाणूविरुद्धची प्रतिपिंडे अधिक आढळतात, ही बाबही त्यांनी पुराव्यादाखल नोंदविली.

हे गृहीतक आकर्षक आहे, पण त्याचा पाया अरुंद आहे. तपासलेली हृदये मोजकीच होती. प्रतिपिंडे केवळ पूर्वसंपर्क दर्शवितात. झाडाझुडपांतून, गोचिडांच्या सान्निध्यात धावणाऱ्यांमध्ये ती अधिक असणे स्वाभाविकच होय. शिवाय प्रतिपिंडे असलेले बहुसंख्य खेळाडू जिवंत होते, या साध्या गोष्टीकडे पुरेसे लक्ष गेलेले दिसत नाही. काही मृतांच्या हृदयांत अॅरिथ्मोजेनिक कार्डिओमायोपथीसारखे बदल होते. हा विकार बहुधा आनुवंशिक असतो आणि दीर्घ श्रमांनी बळावतो. संशोधकांनी ते बदल संसर्गजन्य मानले. उलट शक्यताही तितकीच विचारार्ह होती.

१९९२ च्या अखेरीस स्वीडिश महासंघाने अव्वल खेळाडूंचा सराव व स्पर्धा सुमारे सहा महिने थांबविल्या आणि आजारपणात न धावण्याचा सल्ला सर्वदूर पोहोचविला. पुढील काही वर्षे अशा मृत्यूंची नोंद झाली नाही. हे त्या उपायांचेच यश मानण्याचा मोह होतो. परंतु घटना अत्यल्प असताना त्या योगायोगानेही एकवटतात व ओसरतात. आणि अनेक उपाय एकाच वेळी योजले गेल्याने कोणता फळाला आला हे सांगता येत नाही.

तरीही सल्ला योग्यच होता, कारण त्याचा आधार बार्टोनेला नव्हता. कॉक्सॅकी बी३ विषाणूने बाधित उंदरांना पोहावयास लावल्यास त्यांच्या हृदयातील दाह तीव्र होतो, हे १९७० मध्येच प्रयोगाने दिसून आले होते. ताप, अंगदुखी किंवा छातीत दुखणे असताना सराव थांबविण्यासाठी जंतूचे नाव ठाऊक असण्याची गरज नाही. एकाच गुन्हेगाराच्या शोधात हा मुद्दा चर्चेत मागे पडला, ही या संशोधन-परंपरेची मोठी उणीव होय.

तोच पेच कोविडकाळात पुन्हा उद्भवला. २०२१ मध्ये प्रकाशित झालेल्या अमेरिकी विद्यापीठांतील पाहणीत कोविडनंतर १,५९७ खेळाडूंची एमआरआय तपासणी झाली. ३७ जणांना मायोकार्डायटिसचे निदान झाले. त्यांपैकी २८ जणांना हृदयविकाराची कोणतीही लक्षणे नव्हती. प्रतिमेत दिसणारा दाह आणि मैदानावरील मृत्यू यांच्यातील अंतर किती, हा स्वीडनमध्ये अनुत्तरित राहिलेला प्रश्न येथेही सुटलेला नाही.